पांढरे कोणी ठरवायचे?

साहित्याच्या वर्गात 'मोजमाप' हा शब्द आला की आपल्या कपाळावर आठी पडते. कविता तराजूत घालता येत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो, आणि ते खरेही आहे. गंमत अशी की त्याच तासाच्या उत्तरार्धात आपण मानदंड, निकष, कसोटी, मूल्यमापन हे शब्द सर्रास वापरू लागतो. निकष आणि कसोटी हे दोन्ही शब्द सोनाराच्या काळ्या दगडाचे, मानदंड हा मोजणाऱ्याच्या काठीचा. समीक्षेची निम्मी परिभाषा आपण पेढीवरून उसनी आणली आहे. पण पेढीवरचा माणूस दगड घासून पाहण्याआधी तो स्वच्छ आहे ना हे पाहतो, तेवढे आपण पाहतो का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो.

हा प्रश्न मला सुचला तो एका पूर्णपणे तांत्रिक, आणि वरवर पाहता साहित्याशी काडीचा संबंध नसलेल्या कामाच्या संदर्भात. दूरचित्रवाणीसाठी चित्रण करणारे, संकलन करणारे, जुन्या चित्रपटांची डागडुजी करणारे लोक ज्या मॉनिटरवर चित्र पाहून निर्णय घेतात, तो मॉनिटर त्यांना आधी 'लावून' घ्यावा लागतो. कोशात या क्रियेला शब्द सापडतील, पण संकलनाच्या खोलीत सगळे तिला कॅलिब्रेशनच म्हणतात, आणि त्यातून तयार होऊन मॉनिटरच्या स्मृतीत साठवल्या जाणाऱ्या दुरुस्तीच्या तक्त्याला प्रोफाइल. माझे म्हणणे थोडक्यात असे की ही प्रोफाइल तयार करण्याची कृती आपण साहित्याच्या अभ्यासकांनी समजून घ्यावी. तीत समीक्षेच्या एका जुन्या पेचाचे फार स्वच्छ रूप दिसते.

आधी ती कृती. मॉनिटर सुरू करून अर्धा तास तापू द्यायचा. खोलीतला उजेड मंद करायचा, भिंत शक्यतो रंगहीन करडी असावी. मग ठरवायचे की हा मॉनिटर कोणत्या प्रमाणासाठी लावायचा आहे. नेहमीच्या एचडी प्रक्षेपणासाठी 'रेक. ७०९' नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. ते १९९० साली प्रथम मंजूर झाले. पांढरा म्हणजे 'डी-६५' या नावाने ओळखला जाणारा पांढरा, त्याची सर्वाधिक उजळता साधारण १०० निट्स, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या पायऱ्या कोणत्या वक्राने चढायच्या याचा आकडा २.४. या वक्राचे प्रमाण तर २०११ साली आले. तोवर जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरची नैसर्गिक वागणूक हेच अलिखित प्रमाण होते. लक्ष्य ठरले की पडद्याच्या मध्यावर एक मापक लावायचा. संगणक एकामागून एक रंगाचे चौकोन दाखवतो, मापक प्रत्येकातून प्रत्यक्ष किती आणि कोणता प्रकाश आला ते वाचतो. मागितलेला रंग आणि मिळालेला रंग यांतले अंतर 'डेल्टा-ई' या एककात निघते. शेकडो चौकोनांच्या अशा वाचनातून एक तक्ता तयार होतो: अमुक लाल मागितला तर या पडद्याला तमुक लाल सांगा, म्हणजे तो बरोबर दाखवेल. ही झाली प्रोफाइल. प्रक्षेपणासाठी एक, चित्रपटगृहासाठी दुसरी, अशा अनेक असू शकतात. आणि पडदा जुना होतो, सरकतो. म्हणून ठरावीक काळाने हे सगळे पुन्हा करायचे.

यातली पहिली लक्षणीय गोष्ट ही की या सगळ्या खटाटोपाने चित्र सुंदर होत नाही. बहुधा उलटेच होते. दुकानात भिंतीवर मांडलेले टीव्ही निळसर पांढऱ्याने आणि भडक रंगांनी डोळे दिपवत असतात. त्यांच्या शेजारी नीट लावलेला मॉनिटर पिवळट, मळका, मलूल वाटतो. आमच्या भागात लग्नाच्या चित्रफिती करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. हळदीच्या कार्यक्रमातला पिवळा अंगावर आल्याशिवाय यजमानांचे समाधान होत नाही. सांगलीची हळदीची बाजारपेठ आमच्या जयसिंगपूरपासून हाकेच्या अंतरावर. खरी हळद कशी दिसते हे इथल्या माणसाला कोणी शिकवायला नको. तरीही पडद्यावर त्याला हळदीहून पिवळी हळद लागते. प्रोफाइल ही अशी रंजनाच्या आड येणारी गोष्ट आहे. तिचे काम एवढेच की पडद्याने स्वतःचे काही बोलू नये, चित्राला बोलू द्यावे.

इथे संस्कृत काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला काहीतरी आठवायला हवे. अभिनवगुप्तांनी सहृदयाचे लक्षण करताना मनाला आरशाची उपमा दिली आहे. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्यांच्या मनाचा आरसा निर्मळ झाला आहे आणि त्यामुळे वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्यांच्यात आली आहे, ते सहृदय. आपण हे लक्षण शिकवताना 'तन्मय' या शब्दावर भर देतो आणि 'परिशीलन' हा शब्द ओझरता उच्चारतो. पण लक्षणातले श्रम त्या शब्दात आहेत. आरसा जन्मतः निर्मळ नसतो. तो घासावा लागतो, आणि एकदा घासून भागत नाही. मॉनिटर लावणाऱ्या तंत्रज्ञाला ही कल्पना कोणी समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र उपमेवर इथेच समाधान मानले तर आपली फसगत होईल. कारण आरसा निर्मळ झाला हे कशावरून ठरवायचे? तंत्रज्ञ म्हणेल, पांढरा पांढरा दिसतो यावरून. आणि मग खरा प्रश्न उभा राहतो: पांढरे कोणी ठरवले?

याचे उत्तर, सुदैवाने, उपलब्ध आहे. रंगमापनाच्या साऱ्या इमारतीचा पाया म्हणजे १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने मान्य केलेला 'प्रमाण निरीक्षक'. हा कोणी माणूस नव्हे. तो आकड्यांचा तक्ता आहे. पण त्या तक्त्यामागे माणसे आहेत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये डब्ल्यू. डी. राइट आणि जॉन गिल्ड या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. राइट यांच्या प्रयोगात दहा आणि गिल्ड यांच्या प्रयोगात सात जणांनी रंग जुळवून दाखवले. म्हणजे आज जगातला कोणताही रंगमापक जेव्हा 'हा रंग असा आहे' असे सांगतो, तेव्हा तो मुळात सतरा जणांच्या डोळ्यांच्या सरासरीने बोलत असतो. डी-६५ या पांढऱ्याची कथाही अशीच. तो दिवसाच्या उजेडाचा प्रतिनिधी. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या संशोधनावर तो उभा आहे, त्यासाठी दिवसाच्या उजेडाची ६२२ मापने वापरली गेली. ती अमेरिकेतल्या रॉचेस्टर, कॅनडातल्या ऑटावा आणि इंग्लंडमधल्या एनफील्ड या तीन ठिकाणची. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातला, ऊसतोडीच्या दिवसांतला धुरकट दुपारचा उजेड त्यात नव्हता, असण्याचे कारणही नव्हते. आणि हा पांढरा काही अटळ नव्हे: जपानच्या दूरचित्रवाणीने दीर्घकाळ याहून बराच निळसर, ९३०० केल्व्हिनचा पांढरा प्रमाण म्हणून वापरला. तिथल्या प्रेक्षकाला पांढरे म्हणून तेच दिसत होते.

याहून बोचरे उदाहरण छायाचित्रणातले. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी छपाईच्या प्रयोगशाळांना रंग तपासण्यासाठी एक नमुनाचित्र पाठवत असे. त्यात एक गोरी तरुणी असायची. ते चित्र 'शर्ली कार्ड' या नावाने ओळखले गेले. शर्लीची त्वचा बरोबर छापली गेली की यंत्र बरोबर लागले असे समजायचे. मग सावळ्या, काळ्या माणसांचे चेहरे छायेत बुडाले तरी यंत्र 'बरोबर'च असायचे. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली या प्रकरणावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. गडद रंगछटा नीट उमटत नाहीत ही तक्रार चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्या कंपन्यांनी केली, तेव्हा फिल्मच्या रसायनात सुधारणेला जोर आला, असे त्यांना कोडॅकमधील मंडळींकडून कळले. आपल्या भाषेत गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा अशी त्वचेची केवढी बारीक शब्दावली आहे, आणि आपल्या देवाचा रंगच सावळा; त्या समाजाचे चेहरे कित्येक वर्षे शर्लीच्या हिशेबाने छापले गेले. विशेष म्हणजे रंग तपासणाऱ्या व्हेक्टरस्कोप या उपकरणावर माणसाची त्वचा गोरी असो की काळी, ती जवळपास एकाच रेषेवर येते. फरक पडतो तो उजळपणाचा आणि रंगाच्या गाढपणाचा. उपकरण ज्यांना एका रेषेत बसवते, त्यांना नमुनाचित्राने दोन पंगतींत बसवले.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. दलित साहित्याने समीक्षेला विचारलेला मूलभूत प्रश्न हाच होता. तुमच्या कसोटीवर आमचे लेखन उतरत नाही असे तुम्ही म्हणता. पण कसोटीचा दगड कोणत्या सोन्यासाठी घडवला होता? शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) हे पुस्तक याच प्रश्नाभोवती उभे आहे. 'प्रमाण' मराठीबद्दल सीमाभागातला विद्यार्थी हेच विचारतो. कानडीच्या शेजाराने घडलेली त्याची बोली निबंधात आली की तिला लाल शाईचे वर्तुळ भेटते. ती अशुद्ध असते म्हणून नव्हे, तर प्रमाण म्हणून ज्यांची बोली निवडली गेली त्यांत तो नव्हता म्हणून.

या टप्प्यावर दोन सोपे मार्ग खुले होतात, आणि दोन्ही मला चुकीचे वाटतात. पहिला मार्ग प्रमाण म्हणजे निसर्ग असे मानण्याचा: पांढरे ते पांढरे, त्यात कोणी ठरवायचे काय? दुसरा मार्ग, जो आपल्या चर्चासत्रांत सध्या अधिक लोकप्रिय आहे, तो असा की प्रमाण मानवनिर्मित आहे हे सिद्ध झाले, तेव्हा ते टाकून द्या. ज्याचा त्याचा पडदा, ज्याचे त्याचे पांढरे. पण मॉनिटर न लावता पाहणारा प्रमाणमुक्त होत नाही. तो फक्त कारखान्याने पेटीतून जे प्रमाण घालून पाठवले त्याच्या हवाली होतो, आणि ते दुकानात माल खपावा या हेतूने ठरलेले असते. समीक्षेतही तेच. निकष नाकारणारा वाचक निकषहीन होत नाही. वृत्तपत्री स्तुती, पुरस्कारांच्या याद्या, ओळखीपाळखी यांनी परस्पर घालून दिलेले निकष तो नकळत वापरतो. शर्ली कार्डाविरुद्ध बोलता आले, याचे कारण ते कार्ड होते: हातात धरता येण्याजोगे, बोट ठेवता येण्याजोगे. ज्या प्रयोगशाळेत कार्डच नव्हते, नुसता मालकाचा अनुभवी डोळा होता, तिथला पक्षपात कोणी कसा दाखवून देणार? प्रमाण उघडपणे मांडलेले असले की ते बदलण्याची मागणी करता येते. प्रमाणाचा खरा उपयोग हाच, आणि तो लोकशाहीचा आहे.

आमचे जयसिंगपूर हे फुटपट्टीने आखलेले गाव. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जनक पित्याच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या, नावाने वसवलेले. काटकोनात छेदणारे रस्ते, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. नकाशाने जगणे ठरत नाही हे इथे कोणीही सांगेल. पण पत्ता सांगताना दोघांनाही एकच नकाशा माहीत असल्याचा फायदाही सांगेल. 'आठवी गल्ली' असे म्हटल्यावर भांडण आठव्या गल्लीतल्या घराबद्दल होते, आठवी कोणती याबद्दल होत नाही. प्रमाण मतभेद मिटवत नाही. ते मतभेदाला जागा देते.

हा मुद्दा कोल्हापूर परिसराला तरी नवा वाटू नये. चित्र कसे दिसावे याची झटापट इथे एका शतकापेक्षा जुनी आहे. बाबूराव पेंटर यांनी इथेच कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतून १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट दिला. त्याच कथेवर 'प्रभात'ने १९३३ मध्ये व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली रंगीत बोलपट करू पाहिला. त्याच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार झाल्या, आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. कारणे अनेक असतील; रंगीत चित्रपटाचे तंत्रच तेव्हा बाल्यावस्थेत होते. मला त्या प्रसंगात दिसतो तो एक प्रश्न: वस्त्राचा जो लाल इथे डोळ्यांनी पाहिला, तो हजारो मैलांवरच्या प्रयोगशाळेला सांगायचा कोणत्या भाषेत? प्रमाण निरीक्षकाचा तक्ता तेव्हा अवघा दोन वर्षांचा होता.

आज हा प्रश्न उलट दिशेने आपल्यापुढे आला आहे. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत 'प्रभात'च्या चित्रपटांचे मूळ नायट्रेट साहित्य मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. बाबूरावांच्या 'सावकारी पाश'ची (१९२५) मूळ मूक आवृत्ती तर आपल्यापाशी नाहीच. जे उरले ते नंतरच्या प्रतींतून, आणि त्या प्रतींचे संगणकीय पुनरुज्जीवन चालू आहे. ते करणारा माणूस मॉनिटरसमोर बसून प्रत्येक दृश्यातला करडा कुठवर उजळ ठेवायचा, छाया किती दाट ठेवायची हे ठरवतो. तो तंत्रज्ञ म्हणवला जातो, पण काम पाठसंपादकाचे करतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतकभर महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचे मोठेपण तिने पाठ निवडला यात आहे, त्याहून अधिक नाकारलेले पाठ पानाच्या तळाशी छापले यात आहे. वाचक संपादकाशी भांडू शकतो, कारण संपादकाने भांडणाचे साहित्य हाती दिले आहे. पुनरुज्जीवित चित्रपटासोबत कोणती प्रत आधाराला घेतली, कोणत्या प्रमाणावर लावलेल्या पडद्यावर निर्णय घेतले, कुठे अंदाज केला, एवढे चार परिच्छेद तरी जोडले जावेत, ही मागणी साहित्याच्या माणसांनी करायला हवी. पाठचिकित्सा ही आपली विद्या आहे. ती दुसऱ्यांनी आपल्याविना शोधून काढावी, हे आपल्याला शोभणारे नाही.

आणि आपल्या स्वतःच्या वर्गाचे काय? 'साहित्यकृतीचे माध्यमांतर' आता अभ्यासक्रमात स्थिरावले आहे. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवर आधारलेला 'जोगवा' (२००९) आपण दाखवतो आणि विद्यार्थ्याला भंडाऱ्याच्या पिवळ्याचा अर्थ विचारतो. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा 'सिंहासन' (१९७९) दाखवून कृष्णधवल छायाचित्रणाची निवड का केली असावी हे विचारतो. आणि दाखवतो कुठे? अर्धवट पडदे असलेल्या खिडक्यांच्या खोलीत, चुन्याच्या भिंतीवर, सर्वांत भडक स्थितीत ठेवलेल्या प्रक्षेपकातून. तिथला काळा हा काळा नसतो, भिंतीचा करडा असतो. मग एखादी मुलगी लिहिते की चित्रपटातली छायाप्रकाशयोजना सपाट आहे, आणि आपण तिला गुण द्यावेत की वजा करावेत? तिने जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. सपाट होती ती आपली भिंत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. गावोगावच्या जत्रांत, तंबूत, वाऱ्याने हलणाऱ्या कापडावर, ओरखड्यांनी भरलेल्या प्रतीतून लोकांनी संतपट पाहिले आणि पडद्यापुढे हात जोडले. त्यांचे काय अडले? रस डेल्टा-ई मोजून येत नाही. हे मला मान्य आहे. इतके मान्य आहे की तो अनुभव कमअस्सल होता असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही मापकाला नाही, असे मी म्हणेन. मात्र आस्वाद आणि विधान यांत फरक आहे. हात जोडणारा स्वतःबद्दल सांगतो. समीक्षक कलाकृतीबद्दल सांगतो आणि इतरांनी ते मान्य करावे अशी अपेक्षा बाळगतो. ही अपेक्षा बाळगली की आपण कोणत्या उजेडात, कोणत्या पडद्यावर, कोणत्या आवृत्तीत पाहिले हे सांगण्याचे ऋण अंगावर येते. तंबूतल्या प्रेक्षकावर ते ऋण नव्हते. आपल्यावर आहे, कारण आपण त्याबद्दल पगार घेतो.

हे ऋण फेडायला लाखोंचा मॉनिटर लागत नाही. खिडकीला जाड कापड. टीव्ही असेल तर 'व्हिव्हिड' काढून 'सिनेमा' किंवा २०२० पासून काही संचांत येऊ लागलेला 'फिल्ममेकर मोड'. आणि चित्रपटाआधी दोन मिनिटे करड्या पायऱ्यांचा तक्ता. त्यात काळ्याच्या अगदी लगतची पट्टी जेमतेम दिसावी, आणि काळ्याच्या खालची मुळीच दिसू नये. तेवढे साधेपर्यंत उजळपणाची कळ फिरवायची. भिंतीवर हे साधणार नाही. मग साधले नाही, हे मुलांना सांगायचे आणि त्या दिवशी छायाप्रकाशावर प्रश्न विचारायचा नाही. ही दोन मिनिटे म्हणजे वाया गेलेला तास नव्हे. समीक्षेचा पहिला धडा तोच आहे: मत देण्यापूर्वी आपण कुठून पाहत आहोत हे सांगणे.

पांढरे शेवटी कोणीतरी ठरवलेलेच असते. सतरा जणांनी ठरवले, तीन शहरांच्या आकाशाने ठरवले. उद्या अधिक डोळे आणि अधिक आकाशे हिशेबात घेऊन ते नव्याने ठरवता येईल, आणि ठरवावे. पण त्यासाठी आजचे पांढरे कोणते ते आधी नेमके ठाऊक हवे. ज्याला ते ठाऊक नाही, त्याची बंडखोरी आणि त्याची आज्ञाधारकता यांत फरक करणे कठीण जाते.